मंगळवारची दुपार

अर्जात तेरा रकाने होते. बारा दहा मिनिटांत भरून झाले. तेराव्यापाशी पेन अडलं. तिथे छापलं होतं, 'मुख्य विषय'.

आमच्या कॉलेजात पहिली दोन वर्षं सगळ्यांनी सगळं थोडंथोडं शिकायचं आणि चौथं सत्र संपायच्या आत एक विषय मुख्य म्हणून जाहीर करायचा, अशी पद्धत होती. आम्ही त्याला सरळ 'मेजर' म्हणायचो. त्या सत्रात जिन्यावर भेटलेलं कुणीही "कशी आहेस?" विचारायचं नाही, "ठरलं का?" एवढंच विचारायचं. मुदत संपायला पाच आठवडे उरले होते. मी कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन विचारलं, हा रकाना सध्या रिकामा ठेवला तर चालेल का? आतल्या मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "रिकामं ठेवलंत तर सिस्टीम अर्जच घेत नाही." मग माझ्याकडे बघून जरा मऊ आवाजात, "काहीतरी टाका हो. नंतर बदलता येतं."

ते 'काहीतरी टाका' मला फार झोंबलं. इथे आयुष्याचा प्रश्न आहे आणि या बाई म्हणतात काहीतरी टाका! पुढे कळलं की त्यांचा सल्ला अर्धा बरोबर होता. कुठला अर्धा, हे कळायला चार आठवडे गेले.

माझी अडचण अशी की मला सगळंच बऱ्यापैकी आवडायचं आणि सगळ्यातच बऱ्यापैकी मार्क पडायचे. ज्याला एकच गोष्ट धड येते त्याचं बरं असतं, त्याला कुणी विचारत बसत नाही. माझ्या यादीत चार विषय होते: मानसशास्त्र, अर्थशास्त्र, भाषाशास्त्र आणि संख्याशास्त्र. शेवटचा यादीत कसा आला ते मलाही नीट सांगता आलं नसतं. सक्तीचा एक पेपर केला होता, त्यात बरे मार्क होते, म्हणून तो आपला कोपऱ्यात उभा होता. पुढे काय व्हायचंय याबद्दल तर डोळ्यांसमोर काहीच नव्हतं. डॉक्टर, वकील, शिक्षक असे शब्द उच्चारले की एखादं चित्र दिसतं. माझ्या डोक्यात नुसती पांढरी भिंत.

सल्ले भरपूर मिळाले. मामा म्हणाला, नोकऱ्या जिकडे तिकडे जा. म्हणजे कुठे, ते त्याला सांगता येईना. आई म्हणाली, तुला झेपेल ते घे, आणि वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, मन सांगेल ते घे. मनाला मी विचारून बघितलं. मन सोमवारी एक सांगायचं आणि गुरुवारी दुसरं.

मावसभावानं स्टीव्ह जॉब्सच्या २००५ सालच्या स्टॅनफर्डमधल्या भाषणाची लिंक पाठवली. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यानं रीड कॉलेज सहा महिन्यांत सोडलं, मग दीडेक वर्ष मनाला येईल त्या वर्गात जाऊन बसला, त्यातला एक वर्ग सुलेखनाचा होता, आणि दहा वर्षांनी मॅकिंटॉशच्या अक्षरांत ते शिक्षण उपयोगी पडलं. ऐकून दोन दिवस मला पंख फुटल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मनात आलं, त्या सुलेखनाच्या वर्गात आणखीही मुलं बसलेली असणार. शिकलेलं सुलेखन पुढे कशालाच उपयोगी पडलं नाही, अशा माणसाला पदवीदानाचं भाषण करायला कोण बोलावतंय?

तरी अशा गोष्टींची चटक लागतेच. परीक्षेचा अभ्यास सोडून मी ग्रंथालयात थोरामोठ्यांनी कॉलेजात काय शिकलं ते वाचत बसले. वेंकटरामन रामकृष्णन यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली, १९७६ साली पीएच.डी.ही भौतिकशास्त्रातच केली, त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला बसले, आणि २००९ साली नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. प्रशांतचंद्र महालनोबिस केंब्रिजला भौतिकशास्त्र शिकले. मायदेशी परतायच्या सुमारास 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे अंक त्यांच्या हाती पडले. ते बोटीवर वाचत आले, आणि पुढे १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली. म्हणजे पदवीचा विषय आणि आयुष्याचं काम यांचा संबंध सैल असतो, असा धीर मी स्वतःला दिला. या दोन गोष्टींत आणखी एक सारखेपणा होता. तो समोर असूनही मला तेव्हा दिसला नाही.

मग तक्त्याचा प्रयोग. बेंजामिन फ्रँकलिननं १७७२ साली आपल्या शास्त्रज्ञ मित्राला, जोसेफ प्रीस्टलीला, एक पत्र लिहिलं होतं. प्रीस्टलीसमोर एक नोकरी घ्यावी की नाही असा पेच होता. फ्रँकलिननं लिहिलं की तू काय ठरवावंस ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवावंस ते सांगतो. कागदाचे दोन भाग करायचे, एकीकडे बाजूची कारणं, दुसरीकडे विरुद्ध. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जायचं. मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोडायची. एका बाजूचं एक कारण पलीकडच्या दोघांच्या तोलाचं असेल तर तिन्ही खोडायची. शेवटी शिल्लक कुठे उरते ते बघायचं.

मी चार विषयांचे चार कागद केले आणि खोलीच्या भिंतीला चिकटवले. चौथ्या दिवशी रात्री खोडाखोडीला बसले. रूममेट पलंगावरून बघत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तू भाषाशास्त्राचं 'नोकऱ्या कमी' हे 'वाचायला मजा येते' याच्यासमोर खोडलंस. अर्थशास्त्राच्या कागदावर मात्र 'नोकऱ्या भरपूर' याला काहीच वजन दिलं नाहीस." बरोबर होतं. काट्यावर माझंच बोट होतं. फ्रँकलिनची रीत वाईट नाही. पण तिला आधी कारणं लागतात, आणि माझी कारणं सगळी ऐकीव होती. 'वाचायला मजा येते' हे त्यातल्या त्यात अनुभवाचं, तेही पहिल्या वर्षाच्या एका पुस्तकाच्या जोरावर.

कॉलेजच्या समुपदेशन कक्षात आवडींची चाचणी घेत. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली व्यवसाय निवडीचा एक सिद्धांत मांडला होता, त्यावर ती बेतलेली होती. माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार: हातानं करायचं, शोध घ्यायचं, कलेचं, माणसांना मदत करायचं, पुढाकार घेऊन पटवायचं, आणि नीटनेटकं नोंदी ठेवायचं. तुमचे कल आणि कामाचे प्रकार जुळवून बघायचे. मी मोठ्या आशेनं गेले. निकालाच्या आलेखात सहा खांब आले, सहाही जवळजवळ सारख्या उंचीचे. समुपदेशक मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "असंही येतं," एवढंच म्हणाल्या.

खोलीवर येऊन प्रश्न पुन्हा वाचले तेव्हा कारण उमगलं. 'यंत्र दुरुस्त करायला आवडेल का?' 'एखाद्या गटाचं नेतृत्व करायला आवडेल का?' 'हिशोब तपासायला आवडेल का?' यातलं निम्म्याहून जास्त मी कधी केलंच नव्हतं. न केलेल्या कामाबद्दल विचारलं की मी मधला पर्याय निवडायची, 'सांगता येत नाही'. सरळ रेषा येणारच. चाचणीची चूक म्हणता येणार नाही, आरशासमोर कुणी उभंच नव्हतं.

इथवर तीन आठवडे संपले. मी तेव्हा वरच्या वर्गातल्या मुलांना पकडून एकच प्रश्न विचारत फिरत होते, तुमचा विषय कसा आहे? उत्तरंही एकच, "भारी आहे." फार तर "भारी आहे, पण अवघड आहे."

वसतिगृहात वरच्या मजल्यावर मानसशास्त्राची तिसऱ्या वर्षाची एक ताई राहायची. तिला विचारलं, तिनंही "भारी आहे" म्हटलं आणि घाईत निघाली. जाता जाता मी सहज विचारलं, "आत्ता कुठे?" ती म्हणाली, "प्रयोगशाळेत. दोनशे चाळीस प्रश्नावल्या कॉम्प्युटरवर चढवायच्यात. येतेस मदतीला?" मंगळवार होता, दुपारचे दोन वाजले होते. मला दुसरं काही काम नव्हतं.

मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे माझ्या कल्पनेत मनाचा ठाव घेणारं काहीतरी. प्रत्यक्षात एक लांब टेबल, चार कॉम्प्युटर आणि कागदांचे गठ्ठे. विद्यार्थ्यांना परीक्षेची किती भीती वाटते, यावरची ती पाहणी होती. प्रत्येक कागदावर तीस विधानं, प्रत्येकासमोर 'अजिबात पटत नाही'पासून 'पूर्ण पटतं'पर्यंत पाच चौकोन. ते १ ते ५ आकड्यांत भरायचे. काम गाढवाचं, असं ताईनं आधीच सांगून ठेवलं.

पहिले वीस कागद मी यांत्रिकपणे भरले. एकविसाव्याला थांबले. या पोरानं तिसांच्या तिसांना ३ वर खूण केली होती. मी ताईला म्हटलं, यानं वाचलेलंच दिसत नाही. कशावरून, म्हणाली. मी दाखवलं: सातवं विधान आहे 'परीक्षेच्या आदल्या रात्री मला शांत झोप लागते' आणि अकरावं 'परीक्षेच्या आदल्या रात्री मी तळमळत असतो'. दोन्हींना सारखंच उत्तर कसं असेल? "पण ३ म्हणजे मधलं," ताई म्हणाली, "दोन्हींना मधलं असू शकतं." हे मला सुचलंच नव्हतं. दोन्हींना ५ असतं तर पकडता आलं असतं, दोन्हींना ३ म्हटलं की सुटला! मग तिनं सांगितलं की अशी उलट्या अर्थाची विधानं मुद्दाम पेरलेली असतात, आणि बेरीज करण्याआधी त्यांचे आकडे फिरवून घ्यावे लागतात, १ चे ५, २ चे ४. फिरवायचं विसरलं की शांत झोपणारा सगळ्यात भित्रा ठरतो.

पुढे एकानं वयाच्या जागी १९९ लिहिलेलं सापडलं. १९ लिहून हात घसरला असेल, की थट्टा? एकीनं बारावं विधान सोडून दिलं होतं. तिथे मी शून्य टाकलं. ताई जवळजवळ ओरडलीच. शून्य म्हणजे उत्तर झालं, आणि इथे तर उत्तरच नाही. शून्य टाकलंस तर सरासरी खाली येईल आणि ही मुलगी आहे त्यापेक्षा निर्भय दिसेल. मग काय टाकायचं? रिकामं ठेवायचं. आणि रिकाम्यांचं पुढे काय करायचं? "त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत," ती म्हणाली, "मला नको विचारूस, मला या भागाचा भयंकर कंटाळा येतो. मला माणसांशी बोलायचंय."

बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता. ताई मान मोडत होती. मी मात्र त्या बाराव्या विधानाचाच विचार करत होते. तिनं ते का सोडलं असेल? नजरचुकीनं, की त्याचं उत्तर द्यायची भीती वाटली म्हणून? आणि सगळ्यात जास्त घाबरणारीच मुलं ते विधान सोडत असतील, तर राहिलेल्यांची सरासरी काढून काय उपयोग? कुणी न सांगता मी चार तास एका जागी बसले होते, हे झोपताना लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. 'विषय कसा आहे' विचारायचं बंद केलं. 'काल दुपारी काय केलंस?' विचारायला लागले. आणि शक्य असेल तिथे म्हणायचे, मलाही करून बघू दे.

भाषाशास्त्राच्या एका मुलानं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण दिलं. दोन माणसं बोलतायत, ते उच्चारलिपीत जसंच्या तसं उतरवायचं. अडखळणं, अर्धवट तुटलेले शब्द, सगळं. पाऊण तासात माझी जेमतेम अर्ध्या मिनिटाची मजल गेली. एक 'श' की 'ष' ऐकण्यासाठी तीच जागा चाळीस वेळा वाजवली आणि शेवटी हेडफोन काढून ठेवला. त्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र असं काही समाधान होतं की मी शरमले. भाषांबद्दल वाचायला मला आजही कशाहून जास्त आवडतं. पण वाचणारी मी वेगळी, उतरवून काढणारी मी वेगळी, आणि पदवी दुसरीला मिळते.

अर्थशास्त्राचं लवकर आटपलं. गणितं दिली, ती सुटली, पण दर दहा मिनिटांनी मी घड्याळ बघत होते. मला अर्थशास्त्रावरचे लेख आवडायचे, एवढाच त्याचा अर्थ निघाला.

प्रत्येक विषयाची आपली एक हमाली असते. बाहेरून बघताना ती दिसत नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावर नसते, पदवीदानाच्या भाषणात तर नसतेच. पण दुपारी दोन ते सहा माणूस तीच करत असतो. मानसशास्त्र आवडणाऱ्या ताईला जी हमाली नकोशी वाटत होती, तीच मला हवीशी वाटली होती. आणि ती हमाली मुळात मानसशास्त्राची नव्हतीच. ताईचं 'त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत' आठवलं. ती पुस्तकं ग्रंथालयात शोधली, तर संख्याशास्त्राच्या कपाटात निघाली. पहिलं उघडलं, चौथ्या पानावर चिन्हांचं जंगल. मिटून ठेवलं.

म्हणजे गंमत अशी झाली की ज्या विषयाची हमाली आवडली त्याचं पुस्तक वाचवत नव्हतं, आणि ज्यांची पुस्तकं आवडत होती त्यांची हमाली सोसवत नव्हती.

चौथ्या आठवड्यात मी शेवटी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. अभ्यासक्रमाची पुस्तिका घेऊन बसले. ही पुस्तिका कुणी वाचत नाही. तिच्यात प्रत्येक कोर्सखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की त्याआधी कुठला कोर्स झालेला असावा लागतो. मी एका मोठ्या कागदावर प्रत्येक कोर्सचा चौकोन काढला आणि बाण जोडले. संध्याकाळपर्यंत कागदावर दोन अगदी वेगळ्या आकृत्या तयार झाल्या.

मानसशास्त्राची आकृती झुडपासारखी पसरट होती. पायाचे दोन कोर्स, आणि त्यावर चहूबाजूंनी फांद्या. बालमानसशास्त्र आधी करा की सामाजिक आधी करा, फारसा फरक पडत नाही. भाषाशास्त्रही जवळपास तसंच. संख्याशास्त्राची आकृती शिडीसारखी. कॅल्क्युलसचे दोन पेपर, त्यावर लिनिअर अल्जिब्रा, त्यावर संभाव्यता, त्यावर अनुमान, आणि मग कुठे त्या रिकाम्या उत्तरांचा पेपर, सर्वांत वरच्या पायरीवर. एक पायरी एका सत्राची. मधली गाळता येत नाही, दोन एकदम चढता येत नाहीत. मी कॅल्क्युलसच्या दोन पायऱ्या पहिल्या वर्षीच चढून बसले होते, त्याही केवळ वेळापत्रकात ती वेळ रिकामी होती म्हणून. पाचव्या सत्रात लिनिअर अल्जिब्रा घेतला तर आठव्यात वर पोचता येत होतं. सहाव्यात घेतला तर एक सत्र कमी पडत होतं.

कार्यालयातल्या मॅडमचं 'नंतर बदलता येतं' तेव्हा उलगडलं. शिडीवरून झुडपात केव्हाही उडी मारता येते. झुडपातून शिडीवर यायचं तर खालच्या पायरीपासून सुरुवात. रामकृष्णन आणि महालनोबिस यांच्यातला तो सारखेपणाही इथे दिसला. दोघंही भौतिकशास्त्राकडून, म्हणजे गणिताची शिडी चढून, दुसरीकडे गेले होते. उलट दिशेनं गेलेलं कुणी नसेलच असं मी म्हणत नाही, पण माझ्या त्या वाचनात एकही भेटलं नाही.

पुढे काय करायचंय हे माहीत नसेल तर अवघड तेच घ्यावं, असा याचा अर्थ काढणारे लोक असतात. त्यांच्याशी माझं पटत नाही. ज्या शिडीच्या वरच्या टोकाशी आपलं काही नाही, ती चढून माणूस नुसता दमतो. माझ्या बाबतीत वर ती बारावं विधान सोडणारी मुलगी बसली होती, म्हणून चढाविशी वाटली.

बाबांना फोन केला. त्यांना मी चार आठवडे काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

"संख्याशास्त्र? तुला तर मानसशास्त्र घ्यायचं होतं ना?"

"ते जोडविषय म्हणून घेते, बाबा. पाच पेपर बसतात."

"आणि यात पुढे काय होतं माणूस?"

"माहीत नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. आईला मात्र हे असं सांगू नकोस. तिला सांग की बँका घेतात, सरकार घेतं, औषध कंपन्या घेतात."

"हे तुम्हाला कुठून कळलं?"

"चार आठवडे काय करत होतो मग मी?"

शेवटच्या दिवशी अर्ज दिला. खिडकीपलीकडच्या मॅडमनी तेरावा रकाना बघितला आणि म्हणाल्या, "ठरलं वाटतं." मी म्हटलं, "टाकलं काहीतरी." त्यांना काही आठवलं नसावं, त्यांनी शिक्का मारला.

इथे गोष्ट संपली असती तर सोयीचं झालं असतं. पाचव्या सत्रात लिनिअर अल्जिब्राच्या पहिल्या परीक्षेत मला शंभरपैकी ३८ मार्क पडले. आयुष्यात प्रथमच मी बऱ्यापैकीच्या खाली गेले. सिद्धता लिहायला सुरुवात कुठून करायची हेच कळायचं नाही. वर्गात तीन-चार जण असे होते की ज्यांना फळ्याकडे बघूनच दिसायचं. मला घरी येऊन तिसऱ्यांदा लिहिल्यावर दिसायचं, कधीकधी तेव्हाही नाही. विषय बदलण्याचा अर्ज आणून मी टेबलाच्या खणात ठेवला.

त्याच सुमारास अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या सांख्यिकी विभागानं २०१७ साली काढलेलं एक टिपण वाचनात आलं. २०११-१२ मध्ये तिथे पदवीला प्रवेश घेतलेल्या आणि मेजर जाहीर केलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांनी तीन वर्षांच्या आत ते निदान एकदा बदललं होतं. बदलणाऱ्यांचं सर्वाधिक प्रमाण कुठल्या विषयात? गणितात, ५२ टक्के. हे वाचून मला इतकं बरं वाटलं की मी रूममेटला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता बदलणार?" मला उत्तर देता येईना. निम्म्याहून जास्त लोक सोडून जातात हे कळल्यावर सोडणं सोपं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. आपण फार काही नालायक नाही, शिडीच निसरडी आहे, एवढं कळल्यावर पायाला जरा धीर आला.

सत्राच्या शेवटी ५४ मिळाले. संभाव्यतेत ६१. शानदार असं पुढेही काही घडलं नाही. बदलाचा अर्ज खणात तसाच राहिला. खोली सोडताना तो सापडला, मागच्या कोऱ्या बाजूवर मी कुठलीतरी सिद्धता लिहिली होती, तीही चुकीची.

हळहळ उरलीच नाही असं नाही. भाषाशास्त्राच्या त्या मुलाला आम्ही पदवीनंतर एकदा भेटलो, तेव्हा तो एका बोलीतल्या स्वरांबद्दल तासभर बोलत होता आणि मी हेव्यानं ऐकत होते. घरी येऊन ती जुनी ध्वनिफीत पुन्हा लावली. अर्ध्या मिनिटावर हेडफोन काढला.

आता मी प्रश्नावल्या तयार करायचं काम करते. असा काही पेशा असतो हे अर्ज भरताना मला ठाऊक नव्हतं. त्या पांढऱ्या भिंतीवर ते चित्र नव्हतंच. पाहणीत कुठला प्रश्न कसा विचारायचा, पर्याय किती द्यायचे, कुठल्या प्रश्नाला लोक गळतात, हे बघणं हा माझा दिवस. मानसशास्त्राचे ते पाच पेपर रोज लागतात. संख्याशास्त्रातली शेवटची पायरी आठवड्यातून एकदा. मधल्या पायऱ्या दिसत नाहीत, पण त्यांच्यावर उभी असते.

मागच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या एका पाहणीचं काम आलं. त्यात एक प्रश्न होता, 'तुमचा मुख्य विषय कोणता?' खाली वीस पर्याय. मी एकविसावा जोडला, 'अजून ठरलेलं नाही'. आमच्या वरिष्ठांनी तो काढला. त्यांचं म्हणणं असं की हा पर्याय दिला की विचार करायचा कंटाळा असलेली मुलंही तिथेच खूण करतात, आणि मग खरोखर न ठरलेली कोण आणि आळशी कोण हे वेगळं काढता येत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, यावर आमच्या क्षेत्रात बरंच लिहिलं गेलंय. मी म्हटलं, पर्याय दिला नाही तर ती मुलं काहीतरी टाकतील, आणि ते काहीतरी आपण खरं धरून मोजू. तेही खरं आहे, ते म्हणाले.

शेवटी अर्ध्या प्रश्नावल्यांत तो पर्याय ठेवायचा आणि अर्ध्यांत नाही, असं ठरलं. कागद परत यायला लागलेत. कालच्या मंगळवारी मी पहिला गठ्ठा उघडला.